कुंकवाचा करडा

२०२३ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी सोमवती अमावास्या आली. सासवडला आत्याकडे मुक्काम करायचा आणि तिथून पहाटे जेजुरी गाठायची, असा बेत मी आठ दिवस आधीच करून ठेवला होता. सोमवतीला खंडोबाची पालखी गड उतरून कऱ्हेवर स्नानाला जाते. ती निघते तेव्हा तटावरून, ओवऱ्यांवरून, पायऱ्यांवरून, जिथे माणूस उभा राहू शकतो अशा प्रत्येक जागेवरून भंडारा उधळला जातो. हळदीचा लोट आणि त्याच्या मागे पावसाळा सरल्यानंतरचं धुतलेलं निळं आभाळ. मला हे रंगीत नको होतं. रंगीत जेजुरी कॅलेंडरवर असते, रिक्षाच्या पाठीवर असते, प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असते. मला ती कृष्णधवल हवी होती, आणि कृष्णधवलही साधीसुधी नको, नाट्यमय हवी होती. काळंभोर आभाळ आणि त्यात फुटलेला पांढरा लोट. मनात चित्र तयार होतं, फक्त गडावर जाऊन ते उचलून आणायचं बाकी होतं.

कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून, भिंगापुरतं भोक पाडून चार तास उभा होतो. तरी भंडारा शिरायचा तिथे शिरलाच. आजही झूमचं कडं फिरवलं की किरकिरतं. बायकोच्या मते ती खंडोबाची हजेरी आहे, सर्व्हिसिंगवाल्याच्या मते साडेतीन हजारांचं काम.

घरी आल्यावर सगळ्यात चांगली फ्रेम उघडली आणि फोटोशॉपमध्ये कंट्रोल-शिफ्ट-यू दाबलं. ही आज्ञा रंग काढून टाकते, एका क्षणात. रंग गेला, आणि रंगाबरोबर भंडाराही गेला. पालखी होती, वर केलेले हात होते, येळकोट म्हणत उघडलेली तोंडं होती. हवेत मात्र काहीच नव्हतं. शेकडो माणसं रिकाम्या आभाळाकडे बघून का ओरडताहेत ते कळायला मार्ग नव्हता.

मी आधी मूळ फोटोतच काही बिघडलंय का ते पाहिलं. रंगीत फोटोत लोट जागच्या जागी होता, नजर खेचून घेईल असा. मग आयड्रॉपर घेऊन मोजायला बसलो. फोटोतल्या प्रत्येक बिंदूचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, ० ते २५५ मधले. भंडाऱ्याच्या एका बिंदूचे निघाले २४०, १९०, २०. आभाळाचे ९०, १४०, २१०. कंट्रोल-शिफ्ट-यू काय करतं, तर तिघांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा घेतं आणि दोघांच्या मधला काढतं. भंडाऱ्याचा आला १३०, आभाळाचा १५०. हळद आणि आभाळ. एवढे वेगळे दोन रंग शोधून सापडायचे नाहीत, आणि करड्यात ते एकमेकांचे सख्खे शेजारी झाले होते. वाऱ्याने विरळ झालेल्या लोटाचं तर बोलायलाच नको.

म्हणजे आपण कृष्णधवल करतो तेव्हा रंग काढून टाकतो हा माझा समजच चुकीचा होता. रंग जातो कुठे? प्रत्येक रंगाला एकेक करडा द्यावा लागतो, आणि कोणाला कोणता द्यायचा हे आपण ठरवलं नाही तर यंत्र ठरवतं. यंत्राला हळद माहीत नसते.

यापेक्षा शहाणं एक सूत्र आहे, आणि ते मी लहानपणी रोज संध्याकाळी बघत होतो, फक्त मला ठाऊक नव्हतं. १९८२ साली एशियाडच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झालं. आमच्याकडचा टीव्ही त्यानंतरही पाच-सहा वर्षं काळा-पांढराच होता. प्रक्षेपण रंगीत, डबा काळा-पांढरा, तरी चित्र नीट दिसायचं. कारण त्या लहरींमध्ये उजेडाचा हिशेब वेगळा पाठवलेला असायचा: लालाचे ३० भाग, हिरव्याचे ५९, निळ्याचे ११. माणसाचा डोळा हिरव्याला सर्वांत जागा, निळ्याला सर्वांत झोपाळू, म्हणून वाटणी अशी विषम. या हिशेबाने माझा भंडारा आला १८६ आणि आभाळ १३३. लोट परत आला. पण ताकासारखा आला. दिसत होता एवढंच, त्यात नाट्य वगैरे काही नव्हतं.

मग मी तिन्ही रंगांचे पदर सुटे करून पाहिले. हे मी आधीच करायला हवं होतं, कारण डिजिटल कॅमेरा मुळात असंच बघतो. त्याच्या सेन्सरला रंग कळत नाही, फक्त उजेड कमी की जास्त एवढं कळतं. म्हणून त्याच्या लाखो घरांवर लाल, हिरव्या, निळ्या काचांची बारीक जाळी बसवलेली असते. निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी १९७६ साली पेटंट घेतलेली ही मांडणी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. म्हणजे रंगीत फोटो हा एकावर एक ठेवलेल्या तीन कृष्णधवल फोटोंचा थर असतो. हे तीन फोटो माझ्यासमोर शेजारी शेजारी उघडले आणि मी खुर्चीत मागे टेकलो.

लाल पदरात भंडारा २४०, आभाळ ९०. पांढराशुभ्र लोट, गडद आभाळ. मनातलं चित्र जवळजवळ जसंच्या तसं. हिरव्यात सगळं मधलंमधलं. आणि निळ्यात उलटा कारभार: आभाळ २१०, भंडारा २०. पांढऱ्या आभाळात काळ्याकुट्ट भुकटीचे लोट. खंडोबाच्या गडावर कोणीतरी विठोबाचा बुक्का उधळला होता. क्षण तोच, माणसं तीच, पालखी तीच.

मी अर्थातच लाल पदराच्या बाजूने गेलो. फोटोशॉपमध्ये २००७ च्या सीएस-थ्री आवृत्तीपासून यासाठी सहा रंगांचे सहा स्लायडर मिळतात. लाल, पिवळा, हिरवा, आकाशी, निळा, किरमिजी. पिवळा वर नेला, निळा आणि आकाशी तळाला. आभाळ काळं होत गेलं तसा मला जोर चढत गेला. आणखी थोडं, आणखी थोडं. पुढे क्लॅरिटी, त्याच्यापुढे कडा अंधाऱ्या करणं. ज्याने हे केलंय त्याला माहीत आहे, ही भूक ओल्या भेळेसारखी आहे, तिखट वाढवत गेलं की आधीची चव आळणी लागते.

रात्री एक वाजता मी तो फोटो पूर्ण आकारात पाहिला तेव्हा आभाळात पट्टे पडले होते. समुद्राच्या नकाशात खोली दाखवायला वेगवेगळ्या छटा असतात तसे, कडा स्पष्ट असलेले. दुपारपर्यंत कार्ड भरत आलं म्हणून शेवटचे फोटो मी नुसते जेपेगमध्ये काढले होते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. माझ्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये १४ बिटांच्या हिशेबाने १६,३८४. आभाळाचा निळा एवढा ताणल्यावर २५६ पायऱ्यांतल्या हाताशी होत्या त्या थोड्याच, त्या उघड्या पडल्या. शिवाय भंडाऱ्याच्या कडेला आणि पालखीच्या गोंड्यांभोवती पांढरी रेघ, जणू कात्रीने कापून चिकटवलं आहे. काळ्या आभाळात वाळू सांडल्यासारखे दाणे. सगळा लोभाचा हिशेब त्या फोटोने चोख मांडून दाखवला.

दुसऱ्या दिवशी रॉमधली सकाळची फ्रेम घेऊन, हात आवरून पुन्हा केलं. हा फोटो खरंच चांगला झाला. बायकोला दाखवला. ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "पिठाच्या गिरणीत स्फोट झालाय का?"

मी हसलो नाही. पण ती निघून गेल्यावर पाहिलं तर मलाही पीठच दिसायला लागलं, आणि एकदा पीठ दिसल्यावर काही करता येईना. भंडारा पिवळा आहे म्हणून भंडारा आहे. तो पांढरा केला की पीठ होतं, राख होते, धुकं होतं, होळीतली खडूची भुकटी होते.

रघुबीर सिंग या छायाचित्रकाराने आयुष्यभर रंगीतच काम केलं आणि १९९८ च्या 'रिव्हर ऑफ कलर' या पुस्तकात भारतीय नजर मुळात रंगातच पाहते असा आग्रह धरला. मला तो आग्रह तेव्हा आडमुठा वाटला होता. जेजुरीनंतर निम्मा पटला. निम्माच, कारण सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे काढलेले कृष्णधवल फोटो मी पाहिले आहेत. कचऱ्याइतकं रंगीत दुसरं काही नसतं. प्लास्टिकच्या पिशव्या, फुगे, वेफर्सची पाकिटं. ते रंग तिथे असते तर नजर आधी तिकडे गेली असती आणि माणसाकडे नंतर. जेजुरीचा मीही शेवटी एकच फोटो कृष्णधवल ठेवला. त्यात हवेत काही उडत नाही. दगडी पायऱ्या, त्यांच्या झिजलेल्या कडा आणि चढणारी अनवाणी पावलं. भंडारा आहे, तो पायऱ्यांच्या सांध्यांत बसलेला आहे. बाकी जेजुरी हळदीसकट ठेवून दिली.

इथे थांबलो असतो तर बरं होतं. पण स्लायडर हातात आले होते, आणि कार्डावर आत्याचा फोटो होता.

तो काढला दुसऱ्या दिवशी, पाडव्याला. आत्याने सकाळी मामांना ओवाळलं. आत्याचे यजमान म्हणजे आमचे मामा. पाटावर बसून ओवाळून घेताना ते दरवर्षी एकच विनोद करतात की ओवाळणीत काय घालू, सातबारा घालू का. ओवाळून झाल्यावर आत्या पडवीत येऊन जात्याच्या शेजारी बसली. इरकल नेसलेली, नाकात मोरणी, कपाळावर मेण लावून त्यावर कुंकू, जुन्या रुपयाएवढं. उजेड डावीकडून येत होता. मी म्हटलं, "आत्या, तशीच बस." ती म्हणाली, "बसलेच की रं. कुठं जाते आता?" आणि हसू आवरत असताना मी कळ दाबली.

फेब्रुवारीत तिची पंचाहत्तरी होती. हा फोटो मोठा करून, फ्रेम करून द्यायचा, आणि कृष्णधवल द्यायचा हे मी ठरवून टाकलं. म्हातारी माणसं आणि सुरकुत्या दिसल्या की आम्हा हौशी फोटोवाल्यांना कृष्णधवलची उबळ येते. स्नॅपसीडसारख्या अॅपमध्ये तर त्याची बटणंच आहेत, एकाचं नाव 'ड्रामा', दुसऱ्याचं 'नॉयर'. बोट लावलं की कुठलाही आजोबा तत्त्वज्ञ. मी मात्र बटणवाला नव्हतो. जेजुरीत शिकून आलो होतो ना.

पहिल्या प्रयत्नात क्लॅरिटी चढवली तर आत्याचा चेहरा पुरंदरच्या कड्यासारखा झाला. तो मोबाइलवर पाहून आतेबहीण म्हणाली, "दादा, पंचाहत्तरी आहे, शंभरी नाही." मग मी उलट बाजूला गेलो. सावळ्या चेहऱ्याला आतून उजळवायचं असेल तर लाल वाढवायचा, हे जुनं ज्ञान. कातडीत लाल नेहमीच जास्त असतो, म्हणून लाल पदरात चेहरा नितळ दिसतो, डाग विरतात. लाल स्लायडर वर नेला. चेहरा दिवा लावल्यासारखा उजळला. मागची भिंत काळोखात ढकलली. मोरणीवर एक ठिणगी. किरमिजीचा स्लायडर थोडा खाली, म्हणजे लुगडं शांत. दहा मिनिटांत फोटो झाला आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

पंचाहत्तरीला घरात चाळीसएक माणसं. पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळून झालं, पेढे वाटून झाले, मग मी फ्रेमवरचा कागद काढला. लोक वा म्हणाले. शेजारच्या काकी पुढे आल्या, फोटो निरखून पाहिला, आत्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे. काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा हात आपसूक स्वतःच्या कपाळाकडे गेला. तोवर मला काही दिसलं नव्हतं. तीन आठवडे मी तो फोटो दोनशे टक्के मोठा करून पाहत होतो, मोरणीतला प्रत्येक खडा मला पाठ होता.

आत्या म्हणाली, "माझं कुकू कुठं हाय?"

कपाळ स्वच्छ होतं. भुवयांच्या मधे, वर, कुठे काही नाही. नितळ उजळलेलं कपाळ.

कोणालाच काही सुचेना. मग कोपऱ्यातल्या खुर्चीतून मामा ओरडले, "आरं, मी जिता हाय की अजून!"

सगळे हसले. आत्याही हसली. फ्रेम भिंतीवर लागली नाही, कपाटावर आडवी ठेवली गेली. येताना गाडीत बायको म्हणाली, "तिने पाडव्याला ओवाळून आल्यावर काढलेला ना तो?" मी गाडी चालवत होतो.

घरी येऊन आकडे पाहिले. कपाळाची कातडी १९०, १३०, ९५. कुंकू १८०, ३०, ३५. लाल पदरात १९० आणि १८०. संपलं. कुंकू लालच असतं, आणि लाल मी कातडीएवढाच उजळून टाकला होता. हिरव्या पदरात तेच १३० आणि ३०, म्हणजे ठसठशीत. जेजुरीत जो लाल पदर माझ्या कामाला आला त्यानेच इथे घात केला.

कुंकू आणि सौभाग्य यांची जी गाठ आपल्याकडे मारलेली आहे ती सैल झाली पाहिजे, असं मला वाटतं. कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवांचं कुंकू पुसण्यासारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला तेव्हा मी तो मोठ्या कौतुकाने चार जणांना वाचून दाखवला होता. पण कुंकू लावायचं की नाही हे त्या बाईने ठरवावं. आत्याने त्या सकाळी आरशात बघून, मेण लावून, बोट फिरवून ते लावलं होतं. मी ते न विचारता पुसलं होतं, तेही चेहरा सुंदर दिसावा म्हणून.

खरं तर हे मला माहीत असायला हवं होतं. १९८८ साली कॉलेजच्या फोटो क्लबची डार्करूम होती, जिन्याखालची, हायपोच्या आंबट वासाची. तिथे लाल दिवा लावून आम्ही प्रिंट काढायचो. लालच का, तर त्या कागदाला लाल दिसत नाही. जे त्याला दिसत नाही ते त्याच्या लेखी अंधार. भिंगाला लावायचे रंगीत फिल्टरही होते. पिवळा, नारिंगी, लाल. लाल लावला की आभाळ काळं पडायचं आणि उजेड तीन स्टॉप खायचा, म्हणजे सव्वाशेच्या जागी पंधरावर शटर आणावं लागायचं. आमच्या सरांकडे अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सल अॅडम्सच्या हाफ डोम कड्याच्या फोटोचं छापील पान होतं. १० एप्रिल १९२७. योसेमिटीच्या डोंगरात अॅडम्सकडे फोटो घ्यायच्या शेवटच्या दोन काचा उरल्या होत्या. एक त्याने पिवळा फिल्टर लावून घेतली, आणि मनातला कडा असा नाही हे जाणवल्यावर शेवटची गडद लाल फिल्टर लावून. काळ्या आभाळाचा तो फोटो आम्ही सगळ्यांनी मनात धरून ठेवला. माझ्या मनातली जेजुरीसुद्धा बहुधा तिथूनच आली होती. अॅडम्सला मात्र निर्णय कड्यासमोर उभं राहून घ्यावा लागला, काच एकच होती. मी खुर्चीत बसून, चहा पीत, हवे तेवढे वेळा घेऊ शकत होतो. तरी चुकलो.

कुंकवाचा दुसरा पुरावा तर आत्याच्या घरातच टांगलेला आहे. तिच्या आईचा, म्हणजे माझ्या आजीचा, लग्नानंतर स्टुडिओत काढलेला फोटो. त्यात आजीच्या कपाळावर काळंकुट्ट कुंकू आहे. लहानपणी मला वाटायचं आजी बुक्का लावायची. तो फोटो ऑर्थोक्रोमॅटिक काचेवर घेतला असावा. त्या काचेलाही आमच्या कागदासारखाच लाल दिसत नसे. लाल ओठ काळे, लाल काठ काळे, कुंकू काळं. मायलेकी शेजारी शेजारी ठेवल्या तर एकीचं कुंकू काजळासारखं आणि दुसरीचं गायब, आणि दोन्ही वेळा खरं कुंकू लालच.

दुरुस्ती वाटली तेवढी सोपी निघाली नाही. लाल स्लायडर नुसता खाली आणला तर कुंकू उमटलं, पण ओठ काळे पडले, गालावरचे वांग वर आले, डोळ्यांखाली खड्डे झाले. म्हणून दोन थर केले. एक चेहऱ्यासाठी, लाल वर. दुसरा कुंकवासाठी, लाल खाली, आणि त्यावर मास्क लावून ब्रशने फक्त कपाळावरचं ते वर्तुळ उघडं केलं. आता प्रश्न, किती काळं? माझ्यासमोर आकड्यांचं मोकळं रान होतं. २५ वर ठेवलं तर कपाळाला भोक पडल्यासारखं दिसलं. १०० वर ठेवलं तर राखेचा टिळा. अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी छटांचे ० ते १० असे जे अकरा टप्पे मांडले होते, त्यात तिसरा टप्पा म्हणजे गडद असूनही पोत दिसायला पाहिजे अशी जागा. तिथे आणून थांबलो. मग दिसलं की मेणावर दाबलेल्या कुंकवाला पोत असतो. कडेला बोटाचा ठसा होता, खालच्या बाजूला दोन कण सुटून भुवईच्या वर पडले होते. रंगीत फोटोत लालभडकपणामुळे यातलं काही दिसत नव्हतं. कृष्णधवलने मला दिलेली नवी गोष्ट म्हटली तर ती एवढीच.

यावेळी मी परस्पर फ्रेम केली नाही. पोस्टकार्डाएवढे पाच नमुने काढले, पाचांत कुंकवाचा करडा वेगवेगळा. पहिल्या लॅबने रंगीत फोटोच्या कागदावर छापले, ते ट्यूबलाइटखाली हिरवट दिसायला लागले. कृष्णधवल प्रिंट रंगीत कागदावर काढली की ही भानगड होते. तीन रंग मिळून करडा बनवतात आणि एखादा कमीजास्त झाला की छटा चढते. दुसरीकडे काळ्या आणि करड्याच्या वेगळ्या शाई असलेल्या प्रिंटरवर सुती कागदावर काढून घेतले. महाग पडले.

ते घेऊन सासवडला गेलो. आत्याने चष्मा लावला, पाचही नमुने मांडीवर पत्त्यांसारखे मांडले. मग उठली, आजीच्या फोटोखाली जाऊन एकेक धरून पाहू लागली. मला वाटलं ती आजीसारखं काळं निवडेल. तिने सर्वांत काळा पहिल्यांदाच बाजूला टाकला. "आईचं ते बरं नाही दिसत. येवढं काळं कुठं लावायची ती?" मग चौथा उचलला. माझ्या अकरा टप्प्यांच्या हिशेबातला नव्हे, त्याहून एक पायरी गडद. "हे. ह्यो लाल हाय."

"लाल?" मी विचारलं.

"मग? दिसतंय की."

मामांनीही मान डोलावली. त्यांना तो आधीच्या फोटोइतकाच दिसत असावा, पण झाल्या प्रकारानंतर ते या विषयात आत्याच्या बाहेर जात नाहीत.

तीच प्रिंट मोठी करून आणली, जुन्या फ्रेममधला फोटो काढून ही घातली, आणि मी स्वतः स्टुलावर चढून आजीशेजारी खिळा ठोकला. आत्या खाली उभी राहून डावीकडे, उजवीकडे करत होती. चहा आला. बसून सगळे फोटोकडे बघत होतो, तेव्हा ती म्हणाली, "दादानं दिलेलं हिरवं इरकल ना रं हे?"

दादा म्हणजे माझे वडील. ते गेले त्याच्या आदल्या भाऊबीजेला त्यांनी तिला हिरवं इरकल घेतलं होतं, मी बरोबर होतो.

मामा म्हणाले, "हिरवं कुठलं? अंजिरी हाय ते. सासवडच्या बाजारातलं."

"तुम्हाला काय कळतंय लुगड्यातलं? हिरवं हाय."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. किरमिजीचा स्लायडर हलवला की ते लुगडं कसं उजळतं आणि विझतं, हे मी वीस वेळा पाहिलं होतं. हिरव्या स्लायडरने त्यातला एक धागाही हलला नव्हता. मूळ रंगीत फोटो खिशातल्या मोबाइलमध्ये होता.

"हिरवंच असेल," मी म्हणालो, आणि चहाची बशी उचलली.